जुन्या जीपचा पुढचा हब : उघडणं, बेअरिंग बदलणं आणि नट नेमका आवळणं

जुन्या जीपच्या पुढच्या चाकातून घरघर यायला लागली की सल्ला ठरलेला असतो : "बेरिंग गेलं, नवीन टाका." नवीन टाकलं जातं, नट छिन्नी-हातोडीने ठोकून आवळला जातो, आणि पुढचा पावसाळा संपायच्या आत आवाज परत येतो. मग दोष कंपनीवर, डुप्लिकेट मालावर नाहीतर रस्त्यावर जातो. माझं मत वेगळं आहे. जीपच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, टेपर रोलर (निमुळत्या रुळांचं) बेअरिंग अतिशय सोशिक असतं. त्याला मारतात तीन गोष्टी : गेलेल्या सीलमधून आत शिरलेलं पाणी, चुकीचं किंवा जुनं झालेलं ग्रीस, आणि गरजेपेक्षा घट्ट आवळलेला नट. यातली तिसरी सगळ्यात जास्त बेअरिंगं खाते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. त्यामुळे खाली नट आवळण्याचं प्रकरण जरा लांबलं आहे, ते मुद्दामच.

हे सगळं लिहितोय ते विलिजच्या (मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या) घराण्यातल्या फोर व्हील ड्राइव्ह जीपबद्दल. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला महिंद्राने विलिज जीप जोडायला सुरुवात केली. सीजे-३बी आणि पुढे एमएम-५४० सारख्या गाड्यांपर्यंत इंजिनं बदलली, ब्रेक बदलले, पण पुढच्या चाकाचा गाभा तोच राहिला : पोकळ स्टब (चाक ज्याच्यावर फिरतं तो नळीसारखा दांडा), त्यावर समोरासमोर तोंडं केलेली दोन टेपर बेअरिंगं, आणि त्यांना धरून ठेवणारे दोन मोठे नट. टू व्हील ड्राइव्ह जीपमध्ये दोन नटांऐवजी कॅसल नट (डोक्याला खाचा असलेला नट) आणि स्प्लिट पिन असते. तिथे काय वेगळं करायचं ते ओघात येईल. मारुती ८०० किंवा त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांना मात्र हा लेख लावू नका. तिथे बेअरिंग नकलमध्ये (स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या, चाकामागच्या भागात) प्रेसने दाबून बसवलेलं असतं आणि नट सांगितलेल्या ताकदीने करकचून आवळायचा असतो. जीपमध्ये तसं केलंत तर बेअरिंग काही तासांत भाजून निघेल.

आधी खात्री करा की दोष हबचाच आहे

बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर चढतो, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर नाही. उतारावर गिअर काढून, सुरक्षित जागी, कान देऊन ऐका. आवाज तसाच राहिला तर तो चाकाकडचा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर येतो, म्हणून डाव्या वळणावर आवाज वाढला तर संशय उजव्या हबवर घ्यायचा, आणि उलट. मोठ्या खाचांचे चिखलाचे टायर लावलेल्या जीपमध्ये मात्र हा कानाचा भरवसा सोडून द्या. त्या टायरच्या गोंगाटात बेअरिंग काय, गिअरबॉक्सही ऐकू येत नाही.

दुसरी परीक्षा हाताची. पंधरा-वीस किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक फार न दाबता गाडी थांबवा आणि दोन्ही पुढच्या हबच्या मध्यावर हात लावा. कोमट चालेल. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिकडे काहीतरी घासतंय. ते बेअरिंग असेल किंवा न सुटणारा ब्रेक शू असेल. आधी हाताची पाठ जवळ नेऊन अंदाज घ्या, एकदम तळवा टेकवू नका.

तिसरी परीक्षा प्लेची, म्हणजे चाकाच्या ढिल्या खेळाची. चाक उचलून वरचं आणि खालचं टोक धरून आत-बाहेर हलवा. खटखट जाणवली की बरेच जण लगेच हब उघडायला घेतात, पण जुन्या जीपमध्ये तोच खटखटाट किंगपिनच्या (नकल ज्याच्यावर वळतो त्या खिळीच्या) बेअरिंगमधूनही येतो. कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर तो हबच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनकडे बघा, किंवा स्टबचे बोल्ट सैल आहेत का ते बघा. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावरच खटका येत असेल तर बहुतेक स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोकं.

हत्यारं आणि सामान

नेहमीच्या पान्यांखेरीज चार गोष्टी लागतात. पहिली, हबच्या मोठ्या नटाचा पाइप पाना किंवा सॉकेट. विलिज घराण्याच्या जुन्या स्टबवर हा नट २ १/१६ इंची षटकोनी असतो. हा पाना नाही म्हणूनच छिन्नीची प्रथा पडली. पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या जुन्या ऑटो पार्टच्या गल्लीत तो मिळतो. नाही मिळाला तर एखादा चांगला लेथवाला जाड पाइपचा करून देतो. दुसरी, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) काढायची, बाहेर फाकणारी पक्कड. तिसरी, पितळी किंवा तांब्याचा ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायची दांडी. बेअरिंगच्या कपावर पोलादी छिन्नी कधीच वापरायची नाही. चौथी, भक्कम घोडी (गाडीखाली लावायचा स्टँड). नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाखाली हात घालू नका. विटांच्या थप्पीवरही नाही, वीट न सांगता फुटते.

सामानात प्रत्येक बाजूला दोन बेअरिंग संच (रोलर असलेला आतला कोन आणि ते ज्यात फिरतात तो बाहेरचा कप, दोन्ही), आतलं ऑइल सील, दोन नटांमधली नवी लॉक वायसर आणि ड्राइव्ह फ्लँजचं (शाफ्टची फेरी हबला देणाऱ्या तबकडीचं) गॅस्केट. अर्धा किलो ग्रीस दोन्ही बाजूंना पुरून उरतं. धुवायला रॉकेल किंवा डिझेल, आणि धागे न सुटणारी चिंधी.

बेअरिंगचा नंबर दुकानदाराला गाडीचं नाव सांगून ठरवू नका. विलिजच्या जुन्या पुढच्या ॲक्सलवर आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकच असतं : कोन १८५९०, कप १८५२०. आतला व्यास ४१.२७५ मिलीमीटर, बाहेरचा ७३.०२५. पण इतक्या वर्षांत कुणाच्या गाडीला कुणाचा ॲक्सल बसलाय हे देव जाणे. जुनं बेअरिंग काढून, पुसून, त्याच्या कडेवर कोरलेला नंबर वाचा आणि तोच मागा. नंबरावर मागितलं की भावही बरेचदा कमी पडतो, कारण तेच बेअरिंग 'जीपचं' म्हणून नव्हे तर नुसतं बेअरिंग म्हणून मिळतं. टिमकेन, एनबीसी, एसकेएफ यांपैकी काहीही घ्या, पण ओळखीच्या बेअरिंगवाल्याकडून घ्या. नकली डब्यांचा सुळसुळाट याच कंपन्यांच्या नावाने असतो. कोरीव अक्षरं पुसट, डबा चकचकीत आणि भाव निम्मा असेल तर सोडून द्या.

आणि एक : कोन बदलायचा तर कपही बदलायचा. नवा कोन जुन्या कपात घालून पैसे वाचवणारे पुढच्या वर्षी दोन्ही घेतात.

उघडताना

गाडी सपाट जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (टू व्हील-फोर व्हील बदलणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागची दोन्ही चाकं जमिनीवर असतील तरच तो धरतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. ट्रान्सफर टू व्हीलमध्ये टाका.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. इथे एक जुनी गंमत आहे. विलिज परंपरेत डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर 'एल' कोरलेलं दिसलं तर ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. हे माहीत नसलेल्या पंक्चरवाल्यांनी पाइप लावून कित्येक स्टड तोडलेत. त्यामुळे आज एकाच चाकात काही उलटे, काही सुलटे असंही सापडतं. तसं असेल तर हब उघडलेलाच आहे म्हणून सगळे पाचही एकसारखे करून घ्या.

चाक निघाल्यावर ब्रेक शू पूर्ण मागे घ्या. बॅकिंग प्लेटच्या मागे ॲडजस्टरची डोकी असतात. हे न करता ड्रम ओढत बसलात तर शूच्या कडा ड्रममधल्या झिजेच्या कंगोऱ्याला अडकतात आणि मग हातोडी बाहेर येते. जुन्या जीपमध्ये ड्रम आणि हब बरेचदा स्टडनी एकमेकांत जखडलेले असतात. ते एकत्रच निघू द्या, वेगळे करायची गरज नाही.

आता बाहेरून आत. लॉकिंग हब (चाक शाफ्टपासून हाताने सोडवता-जोडता येणारे) लावलेले असतील तर ते 'फ्री'वर करून त्यांची टोपी काढा. नसतील तर पत्र्याची ग्रीस कॅप काढा. शाफ्टच्या टोकाला सर्क्लिप दिसेल. काही जुन्या ॲक्सलवर त्याऐवजी नट आणि स्प्लिट पिन असते. ती काढून फ्लँजचे सहा बोल्ट सोडवा. फ्लँज चिकटला असेल तर कडेवर लाकडी हातोडीने गोल फिरत हलके ठोके द्या, पेचकस घुसवून पृष्ठभाग खरवडू नका. फ्लँजमागे पातळ शिम (अंतर भरणाऱ्या चकत्या) निघाल्या तर त्या जशाच्या तशा तारेत ओवून ठेवा. त्या शाफ्टचा आत-बाहेर खेळ ठरवतात. डाव्या-उजव्यांची सरमिसळ करू नका.

फ्लँज निघाला की आत मोठा बाहेरचा नट, त्यामागे वाकवलेल्या जिभेची लॉक वायसर, मग आतला ॲडजस्टिंग नट. वायसरची जीभ चपट्या ड्रिफ्टने सरळ करा, बाहेरचा नट काढा, वायसर काढा, आतला नट काढा. नटाच्या बाजूंवर छिन्नीच्या खुणा असतील तर त्या मोजा : तुमच्या आधी या हबवर कोणी काय केलंय याचा तो इतिहास. फार चेचलेले नट बदला, ते महाग नसतात.

आता हब दोन्ही हातांनी धरून थोडा बाहेर ओढा आणि परत ढकला. बाहेरचं बेअरिंग सरकून पुढे येईल, ते काढून घ्या. मग हब सरळ बाहेर काढा. आतलं बेअरिंग सीलसकट हबमध्येच राहील. सील उचकटून काढा. ते पुन्हा वापरायचं नाही, त्यामुळे त्याच्यावर दया नको.

ड्रममधली काळी धूळ फुंकू नका आणि हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चाला. साबणाच्या पाण्याने ओल्या कपड्याने पुसून तो कपडा पिशवीत बांधून टाका.

ग्रीस वाचायला शिका

धुण्याआधी थांबा. निघालेलं ग्रीस बरंच काही सांगतं.

दुधाळ, फेसाळ ग्रीस म्हणजे पाणी. सील गेलंय, किंवा गरम हब थंड पाण्यात गेलाय. लांबून आलेली जीप तशीच ओढ्यात उतरवली की हबमधली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. सील नवं असलं तरी हे होऊ शकतं. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं थांबणं ही नुसती चहाची सबब नाही.

ग्रीस पातळ होऊन काळ्या तेलासारखं वाहत असेल तर दोष हबमध्ये नाहीच. डिफरन्शियलच्या बाजूचं ॲक्सलमधलं सील गेलंय. तिथलं गिअर ऑइल नकलमध्ये येतं, तिथून पोकळ स्टबमधून हबमध्ये, आणि शेवटी ब्रेकच्या लायनरवर. अशा गाडीत हबचं सील तीनदा बदललं तरी लायनर तेलाने भिजतच राहणार. आतलं सील बदलणं हे मोठं काम आहे, ॲक्सल शाफ्ट बाहेर काढावे लागतात. पण ते टाळून चालत नाही, कारण एका बाजूचा ब्रेक तेलकट झाला की गाडी ब्रेक दाबताना दुसऱ्या बाजूला ओढते.

कडक, करपलेलं, तपकिरी ग्रीस म्हणजे नट घट्ट होता किंवा ब्रेक घासत होता. ग्रीसमध्ये चांदीसारखी चकाकी दिसली तर पोलाद झिजून त्यात मिसळतंय. असं बेअरिंग धुऊन बघत बसू नका.

बाकीची बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, उजेडात फिरवून बघा. रोलरवर आणि कपाच्या चकचकीत पट्ट्यावर बोट फिरवा. नखाला लागेल असा खड्डा, सोललेला पापुद्रा, निळा किंवा पिवळसर रंग, गंजाचे काळे डाग, यांतलं काहीही दिसलं तर बेअरिंग बाद. कपावर समान अंतरावर पुसट आडव्या रेघा दिसल्या तर गाडी बराच काळ एकाच जागी उभी होती, किंवा ट्रकवर लादून आली होती. उभ्या गाडीत रोलर त्याच जागी थरथरत राहतात आणि खाचा पाडतात. फक्त रंग मंदावलेला, पण गुळगुळीत पट्टा असेल तर ते बेअरिंग अजून चालेल, कुणी काही म्हणो.

धुतलेलं बेअरिंग हवेच्या नळीने गरगर फिरवून वाळवण्याचा खेळ करू नका. कोरडं बेअरिंग त्या वेगात फुटलं तर रोलर गोळीसारखे सुटतात.

स्टब आणि हबची तपासणी

स्टब पुसून बेअरिंग बसतात ती जागा बघा. इथे कोन हाताने सरकतो आणि चालताना हळूहळू फिरतही असतो. त्यामुळे हलक्या रेघा दिसणं ठीक आहे. खोल वळी, निळसर पट्टा किंवा व्हर्निअरने जाणवेल इतकी झीज ठीक नाही. सीलची ओठाची जागा बघा. तिथे नखाला लागेल अशी खोबण पडली असेल तर नवं सीलही गळणार. नवं सील एक-दोन मिलीमीटर मागेपुढे बसवून ओठ कोऱ्या जागी टेकवता आला तर बघा, नाहीतर लेथवर पातळ स्लीव्ह चढवून घ्या.

स्टबच्या आत ब्राँझचा बुश असतो. शाफ्टचं बाहेरचं टोक त्यात फिरतं. तो फार खाल्ला असेल तर फोर व्हीलमध्ये वळताना चाकातून विचित्र धडपड जाणवते. स्टबला नकलशी जोडणारे सहा बोल्टही बघून घ्या. जुन्या जीपमध्ये ते सैल पडणं हा नेहमीचा आजार आहे, आणि ते हब उघडल्याशिवाय दिसत नाहीत.

हबमध्ये कप घट्ट बसलाय का, हे आता बघायचं. कप हबमध्ये कधीच फिरता कामा नये. फिरला असेल तर त्याची बाहेरची कड आणि हबची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत झालेली दिसते. यावरचा रस्त्याकडेचा इलाज सगळ्यांनी पाहिलेला असतो : सेंटर पंचने भिंतीवर ठिपके उठवायचे आणि कप ठोकून बसवायचा. त्या चार-पाच टेंगळांवर टेकलेला कप पहिल्या खड्ड्यात तिरका होतो. हब बदला, नाहीतर चांगल्या लेथवाल्याकडून भोक मोठं करून स्लीव्ह घालून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे काम अर्ध्या दिवसाचं आहे.

कप काढणं आणि घालणं

हबच्या आत कपाच्या मागे दोन खाचा असतात. उलट बाजूने पितळी ड्रिफ्ट त्या खाचेतून कपाच्या कडेवर टेकवा आणि आळीपाळीने समोरासमोर ठोका. एकाच जागी ठोकत राहिलात तर कप तिरका होऊन हब ओरबाडतो.

नवे कप आदल्या रात्री पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. हब सकाळी उन्हात ठेवा. तापलेला हब आणि थंड कप यांच्यात जो केसभर फरक पडतो, त्याने अर्धं काम सोपं होतं. कपाचं रुंद तोंड बाहेर येईल असा ठेवा. त्याच्यावर जुना कप उलटा ठेवून ठोका, म्हणजे मार सारखा बसतो आणि नव्या कपाच्या कामाच्या पृष्ठभागाला धक्का लागत नाही. जुन्या कपाला ग्राइंडरने एक उभी चीर पाडून ठेवली तर तो आत अडकत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ जाऊन भरीव होतो. तरी आतून उजेड टाकून कड सगळीकडे टेकली आहे ना, ते बघाच. इथे राहिलेली छोटीशी फट नंतर 'बेअरिंग आपोआप सैल झालं' म्हणून समोर येते.

ग्रीस भरणं

लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस, घट्टपणा एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाची मोजपट्टी) २ किंवा ३. आपल्याकडे दुकानात 'एपी-३' मागितलं की साधारण याच वर्गातलं मिळतं. डब्यावर 'व्हील बेअरिंग' लिहिलेलं असावं. चेसिसच्या निपलमध्ये मारायचं स्वस्त कॅल्शियम ग्रीस इथे चालत नाही. ते शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून वाहायला लागतं, आणि घाटात उतरताना ब्रेक ड्रमच्या सान्निध्यात हब तिथवर सहज पोचतो. लिथियम ग्रीस साधारण १८० अंशांपुढे वितळतं, लिथियम कॉम्प्लेक्स त्याच्याही बरंच पुढे. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन मगच नवं भरा. दोन जातींची ग्रीसं एकत्र झाली की कधीकधी पातळ होऊन दोन्ही कुचकामी ठरतात.

भरायची पद्धत हाताची. डाव्या तळव्यावर मोठा गोळा घ्या, बेअरिंगची रुंद बाजू त्याच्यावर दाबत ओढा. रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूने शेवया बाहेर यायला लागल्या की तेवढा भाग भरला. मग जरा फिरवून पुढचा. सगळी फेरी झाली की बाहेरून एक थर. नुसतं बाहेरून माखलेलं बेअरिंग दिसायला भरलेलं आणि आतून कोरडं असतं. गॅरेजमधल्या घाईत सगळ्यात जास्त हेच होतं.

हबच्या पोकळीत मात्र ठासून भरू नका. दोन कपांच्या मधल्या भिंतीवर कपांच्या उंचीइतका थर द्या, म्हणजे बेअरिंगमधलं ग्रीस मध्ये पळून जात नाही. पोकळीचा दोन तृतीयांश भाग रिकामा राहिला पाहिजे. गच्च भरलेल्या हबमध्ये ग्रीस घुसळून तापतं, फुगतं आणि सीलमधून लायनरवर येतं. पाण्यात सतत जाणारे काही जण मुद्दाम जास्त भरतात, पाण्याला जागाच नको म्हणून. ज्यांना दर पावसाळ्यानंतर हब उघडायचेच असतात त्यांचं ते चालून जातं.

आतलं बेअरिंग ठेवा आणि सील बसवा. सीलचा स्प्रिंग असलेला ओठ आत, म्हणजे ग्रीसच्या बाजूला. सपाट लाकडी फळी ठेवून ठोका, कडा सगळीकडून सारखी आत गेली पाहिजे. ओठाला ग्रीसचं बोट लावा. कोरडा ओठ पहिल्याच किलोमीटरमध्ये जळतो.

नट आवळणं

हब स्टबवर चढवताना सरळ, दोन्ही हातांनी. आट्यांवर आधी एक वेढा चिकटपट्टी लावली तर सीलचा ओठ कापत नाही. हब बसला की पट्टी काढा. बाहेरचं बेअरिंग, मग आतला नट हाताने. ड्राइव्ह फ्लँज अजून लावायचा नाही आणि ब्रेक शू मागेच असू द्या. कारण साधं आहे : फ्लँज लावला की चाकाबरोबर शाफ्ट आणि डिफरन्शियल फिरतं, शू लागत असेल तर तोही घासतो, आणि हाताला बेअरिंगचं खरं जाणवणं कळेनासं होतं.

चाक तात्पुरतं लावून घ्या, म्हणजे पकड मिळते. एका हाताने चाक फिरवत राहा आणि दुसऱ्याने नट आवळा, साधारण ५० फूट-पाउंडपर्यंत. चाक फिरवत राहणं महत्त्वाचं, त्याने रोलर कपात आपापल्या जागी सरकतात. उभ्या चाकावर आवळलेला नट फसवतो : आज घट्ट वाटतो, शंभर किलोमीटरनंतर सैल होतो. एवढं झालं की नट पूर्ण सैल करा. पुन्हा चाक फिरवत आवळा, आता फक्त चाक जड व्हायला लागेपर्यंत. तिथून नट एक षष्ठांश फेरा मागे घ्या. नट षटकोनी आहे, म्हणजे बरोबर एक बाजू मागे. पान्याच्या दांड्यावर खडूने खूण केली की काम सोपं.

आता चाक मोकळं फिरलं पाहिजे, आणि वर-खाली हलवल्यावर जेमतेम जाणवेल इतकाच खेळ हवा. डायल गेज असेल तर ०.०३ ते ०.१३ मिलीमीटरच्या दरम्यान, म्हणजे एक ते पाच थाउ (इंचाचा हजारावा भाग). नसेल तर बोटांवर भरवसा ठेवा. शंका आली तर किंचित सैलकडे झुका. किंचित सैल बेअरिंग थोडं लवकर झिजतं. घट्ट बेअरिंग तापतं, ग्रीस जाळतं आणि वाटेत स्टबला चिकटून बसतं. तापल्यावर सगळं प्रसरण पावतं, त्यामुळे थंड असताना नेमकं वाटणारं बेअरिंग घाटात घट्ट होतं, हे विसरू नका.

इथे थांबू नका. नवी लॉक वायसर घाला, तिची आतली जीभ स्टबच्या खाचेत बसवा, बाहेरचा नट ५० फूट-पाउंडला आवळा. आणि मग खेळ पुन्हा तपासा. बाहेरचा नट आतल्या नटाला आट्यांमधल्या फटीइतका आत ढकलतो, त्यामुळे मघाशी बरोबर असलेला खेळ आता कमी झालेला असतो. झाला असेल तर बाहेरचा नट काढून, आतला थोडा मागे घेऊन, पुन्हा. दोन-तीनदा करावं लागतं, त्यात काही वावगं नाही. मन भरलं की वायसरची कड नटाच्या सपाट बाजूवर वाकवा. जुनी वायसर दुसऱ्यांदा वाकवू नका, जीभ मुळाशी तडकते.

कॅसल नटाची टू व्हील जीप असेल तर हीच पद्धत. फक्त शेवटी स्प्लिट पिनच्या भोकाशी खाच जुळवताना नट मागे घ्यायचा, पुढे कधीच नाही. पिन नवी, आणि दोन्ही टांगा नीट वाकवलेल्या.

जोडणी आणि पहिली फेरी

फ्लँजचा आणि हबचा पृष्ठभाग पुसा, नवं गॅस्केट, शिम जशा होत्या तशा, सहा बोल्ट समोरासमोर आवळत जा, सर्क्लिप बसल्याचा 'टक' ऐका. लॉकिंग हब असतील तर त्यांच्यात ग्रीसचा पातळ हातच पुरे. ते ग्रीसने भरले की आतली सरकती कडी अडखळते आणि नेमकं चिखलात रुतल्यावर फोर व्हील लागत नाही. ब्रेक शू जागेवर आणून पेडल नीट तपासा. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, साधारण ७० फूट-पाउंड. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

पहिली फेरी घराजवळच, दहा-पंधरा किलोमीटरची. थांबून दोन्ही हबवर हात. कोमट असेल तर पुढे जा. हात ठेववत नसेल तर नट घट्ट आहे. 'नवीन आहे, बसेल' असं समजून लांब निघू नका. पाचशे किलोमीटरनंतर चाक उचलून खेळ पुन्हा बघा. नवे कप कितीही नीट बसवले तरी किंचित सरकतात, आणि एकदा आवळून घेतलं की पुढे बराच काळ हात लावावा लागत नाही.

पुढची निगा

वर्षातून एकदा, किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी येईल ते, हब उघडून धुऊन नवं ग्रीस. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर यासाठी ऑक्टोबर बरा, पावसाळ्याने काय केलंय ते लगेच कळतं. हबच्या वरपर्यंत पाण्यात गाडी गेली असेल तर वर्षाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात उघडा. पाणी शिरलेलं ग्रीस तसंच ठेवलं तर उभ्या गाडीत रोलर आणि कप यांच्या मधोमध गंजाची रेघ पडते.

शौकापुरती ठेवलेली, महिनोन्‌महिने उभी राहणारी जीप दोन-तीन आठवड्यांतून एकदा तरी बाहेर काढा. अंगणात पुढे-मागे केलं तर चाकं हलतात, पण ग्रीस पसरत नाही. पाच-सात किलोमीटर हवेत. प्रेशर वॉशरचा फवारा थेट हबच्या मागच्या बाजूला मारू नये. सीलचा ओठ पावसासाठी बनवलेला असतो, त्या फवाऱ्यासाठी नाही.

लांबच्या दौऱ्यावर जाताना एक भरलेला बेअरिंग संच, एक सील, एक लॉक वायसर आणि तो २ १/१६ इंची पाना सीटखाली असू द्या. ग्रीस लावलेलं बेअरिंग दोन पिशव्यांत बांधून, वर नंबर लिहून ठेवलं की अंधारात शोधावं लागत नाही. मागच्या ॲक्सलसाठी मात्र हे सामान आणि ही पद्धत धरून चालू नका. तिथली रचनाच वेगळी आहे, टेपर शाफ्टवर घट्ट बसलेला हब काढायला जाड पुलर लागतो आणि खेळ शिमने ठरवतात.